चूक कोणाच्या पदरी?

खेळातसुद्धा नीतीचा प्रश्न उकरून काढणे हे वकिली पेशाचे व्यंग आहे, असे आमचे स्नेही म्हणतात. आम्ही ते नाकबूल करीत नाही. परंतु ज्या व्यवहारात पैसा नाही, बक्षीस नाही, पंच नाही आणि चुकल्यास शिक्षाही नाही, त्या व्यवहारात माणूस कसा वागतो ह्यावरून त्याची पारख बरी होते, असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस खरे बोलतो तेव्हा ते सत्यप्रेमामुळे की उलटतपासणीच्या धाकामुळे, हे ठरविणे कठीण असते. रानात, एका झाडाच्या ढोलीपाशी, आसपास कोणी नसताना तो खरे वागला, तर त्या वागण्याला धाकाचे कारण देता येत नाही. असा एक खेळ पंचवीस वर्षांहून अधिक काळ जगात चालू आहे, आणि कोणते यंत्र घेऊन तो खेळावा ह्याविषयी त्याच्या खेळाडूंमध्ये एक जुना वाद आहे. वरवर पाहता तो वाद छांदिष्टांचा वाटतो. आम्हांस त्यात कर्तव्याचा एक खराखुरा प्रश्न दिसला, म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळाचे नाव जिओकॅशिंग. 'कॅश' म्हणजे येथे रोकड नव्हे. दडविणे ह्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द आहे. आपण त्यास 'ठेवा' म्हणू. कोणी एक जण पाणी न शिरणारा एखादा डबा घेतो, त्यात एक वही, एक पेन्सिल आणि मुलांना आवडतील अशा चार किरकोळ वस्तू घालतो, आणि तो डबा रानात, डोंगरावर किंवा शहरातील एखाद्या कठड्याच्या आडोशाला दडवितो. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश तो सर्वांना कळतील असे जाहीर करतो. ज्याला हौस असेल त्याने ते अंक घेऊन जावे, डबा शोधावा, वहीत आपले नाव व तारीख लिहावी, आणि डबा होता तसा परत ठेवावा. आतील एखादी वस्तू घेतल्यास तेवढ्याच किंवा अधिक मोलाची दुसरी वस्तू त्यात ठेवावी. डबा जमिनीत पुरावयाचा नाही आणि जागेच्या मालकाची अनुमती घ्यावयाची, असेही नियम आहेत. (पुरण्यास मनाई आहे हे आमच्या मनास विशेष बरे वाटले. आपल्याकडे १८७८ चा भूमिगत निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास कलेक्टरास लेखी कळविले पाहिजे, असे तो सांगतो. खेळाडूंनी कलेक्टरांचे काम वाढवू नये हे बरेच.)

ह्या खेळाचा जन्म एका मुद्दाम केलेल्या चुकीच्या अंतातून झाला. जीपीएस ही उपग्रहांची व्यवस्था अमेरिकेच्या सैन्यासाठी उभारलेली. सामान्य नागरिकांना तिचे संदेश मिळत. पण त्यांत सरकारने बुद्ध्याच घोटाळा मिसळलेला असे, आणि त्यामुळे नागरिकाच्या यंत्राने दाखविलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. शंभर मीटरांच्या त्रिज्येत लहानसा डबा शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होय. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांच्या आदेशाने २ मे २००० रोजी हा घोटाळा बंद झाला आणि जगातील प्रत्येक नागरी यंत्र एका रात्रीत सुमारे दहापट अचूक झाले. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर ह्या गृहस्थांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावानजीक एक काळी बादली ठेवली. तिच्यात वही-पेन्सिल, काही पुस्तके, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा होता. तिचे अक्षांश-रेखांश त्यांनी जाहीर केले. थोड्याच दिवसांत माइक टीग नावाच्या गृहस्थांनी ती शोधून वहीत आपले नाव लिहिले. आज जगभर अशा ठेव्यांची संख्या तीस लाखांच्या घरात आहे.

त्या पहिल्या पिढीजवळ जीपीएसचे स्वतंत्र यंत्र असे. २००० सालीच बाजारात आलेले, तळहातात मावणारे, दोन पेन्सिल सेलांवर दिवसभर चालणारे गार्मिन कंपनीचे पिवळे ईट्रेक्स पुष्कळांना आठवते. हे यंत्र घेऊन निघावयाचे तर आदल्या रात्री तयारी लागे. ठेव्याची माहिती संगणकावरून उतरवून घ्यावी, तारेने यंत्रात भरावी, सूचना कागदावर छापून खिशात घालावी, आणि मग पहाटे निघावे. २००८ च्या सुमारास जीपीएस असलेले स्मार्टफोन सर्वत्र होऊ लागले आणि हा सारा सोपस्कार संपला. चहा पिता पिता मनात आले, फोन काढला, जवळचा ठेवा पाहिला आणि निघालो, असे होऊ लागले. तेव्हापासून जुन्या खेळाडूंची तक्रार आहे की फोनवाल्यांनी खेळ उथळ केला. खरा शोधक स्वतंत्र यंत्र वापरतो.

ह्या तक्रारीतील एका भागाचा निकाल आम्ही तत्काळ लावून टाकतो, कारण तो निव्वळ सोवळेपणाचा आहे. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर क्रॅनमियर पूल ह्या दुर्गम जागी जेम्स पेरट नामक वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली. तेथवर चालत येणाऱ्याने आपले नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढीच कल्पना. त्यातून तेथे डबे शोधण्याची जी परंपरा वाढली तिला ना उपग्रह लागला ना विजेचा सेल. नकाशा आणि होकायंत्र पुरले. त्या परंपरेतील एखाद्या वृद्धाने पिवळ्या यंत्राकडे पाहून नाक मुरडले असते तर आज फोनकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी त्याला काय उत्तर दिले असते? आपण शिकलो त्या साधनापर्यंतची प्रगती पवित्र आणि त्यापुढची भ्रष्ट, हा न्याय सोयीचा आहे, पण तो न्याय नव्हे. शिवाय स्वतंत्र यंत्रासाठी निराळे शंभर डॉलर किंवा अधिक मोजावे लागतात. फोन बहुतेकांच्या खिशात असतोच. ज्या साधनामुळे गरिबाचे पोर खेळात येऊ शकले त्या साधनाला तुच्छ लेखणे आम्हांस मान्य नाही.

तरीपण तक्रारीचा दुसरा भाग इतका सहज उडवून लावता येत नाही, आणि तो समजण्यासाठी ही यंत्रे काय करतात ते पाहिले पाहिजे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि अहोरात्र एकच गोष्ट सांगत राहतात : 'आता इतके वाजले आहेत आणि मी येथे आहे.' खालचे यंत्र ते ऐकते. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ ह्यांतील अंतरावरून तो उपग्रह किती दूर आहे ते कळते. निदान चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा निश्चित होते. सेकंदाच्या दहा लाखांश भागाची चूक झाली तर अंतरात सुमारे ३०० मीटरांची चूक होते, इतका हा हिशेब नाजूक आहे. उपग्रहांचे संदेश अतिशय क्षीण असतात. ओली पालवी त्यांना शोषते, खडक व इमारती त्यांना परावर्तित करतात, आणि परावर्तित होऊन आलेला संदेश लांबून आल्यासारखा भासून यंत्राला फसवितो. फोन ह्या कामात एक उसनवारी करतो. कोणता उपग्रह कोठे आहे ही माहिती उपग्रहाकडून सावकाश ऐकण्यात अर्धे मिनिट किंवा अधिक जाते. फोन तीच माहिती टॉवरच्या जाळ्यातून क्षणात मागवितो आणि म्हणून लवकर जागा दाखवितो. जाळे नसलेल्या खोऱ्यात मात्र त्याची ही घाई निकामी होते. फोनचा अँटेना चपट्या देहात दहा इतर कामांच्या दाटीत बसविलेला असतो. चांगल्या स्वतंत्र यंत्रात त्याला ऐसपैस जागा दिलेली असते. मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता साधारणतः ४.९ मीटर असते असे अमेरिकी शासनाने प्रसिद्ध केलेली माहिती सांगते. २०१८ पासून दोन निरनिराळ्या वारंवारितांवर ऐकणारे फोन निघाले आहेत, आणि ते बऱ्याच जुन्या स्वतंत्र यंत्रांनाही मागे टाकतील. म्हणजे 'फोन वाईट, यंत्र चांगले' असे सरसकट विधान आज कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.

आमचा एक भाचा पोर्टलंड येथे नोकरी करतो. त्याच्याकडे गेलो असता तो आम्हांस एका रविवारी रानात घेऊन गेला. ऑरेगनचे ते रान म्हणजे डग्लस फरचे उंचच उंच सरळसोट वृक्ष, खाली नेचे, आणि पडलेल्या प्रत्येक ओंडक्यावर हिरव्या शेवाळाची जाड गादी. पाऊस नुकताच पडून गेला होता. फोनवरचा बाण आम्हांला उजवीकडे घेऊन गेला, मग मागे, मग थेट एका ओढ्यात. "मामा, बाण नाचतोय, ह्याच्यावर आता विश्वास नाही," भाचा म्हणाला आणि त्याने फोन खिशात टाकला. त्यानंतर आम्ही दोघे डोळ्यांनी शोधू लागलो. अर्ध्या तासाने डबा सापडला. अंकांनी सांगितलेल्या जागेपासून तो चौदा-पंधरा पावलांवर होता. ह्या अर्ध्या तासात कोणाचे काय बिघडले? भाच्याचे बूट ओले झाले, आमचे गुडघे दुखले. ह्यापलीकडे आमचे काहीच बिघडले नव्हते. पण डब्याभोवती पाहिले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमच्याआधी येऊन गेलेल्यांनीही असाच शोध घेतला होता. ओंडक्यांवरचे शेवाळ जागोजाग सोललेले होते, नेचे मोडून पडले होते, आणि एका मोठ्या वर्तुळात जमीन तुडवून उघडी पडली होती. परतताना भाच्याने सांगितले की हा ठेवा ज्याने दडविला त्याने एकदाच येऊन, फोनवर एकदाच अंक पाहून, ते जाहीर केले होते.

तेव्हा आमच्या मनात वादाची फोड वेगळी झाली. जुने खेळाडू विचारतात : कोणते साधन श्रेष्ठ? विचारावयास हवे ते असे, की साधन चुकले तर ती चूक कोणाच्या पदरी पडते? शोधणारा चुकला तर त्याचा वेळ जातो. दडविणारा चुकला तर त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचा वेळ जातो, आणि ज्या जागेचा ह्या खेळाशी काडीचाही संबंध नाही ती जागा तुडविली जाते. दडविणारा एकदा चुकतो, पण ती चूक येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांनी पुन्हा पुन्हा घडते. हिशेबच मांडावयाचा तर तो सोपा आहे. शोधण्याची त्रिज्या पाच मीटर असेल तर धुंडाळावयाचे क्षेत्र सुमारे ७८ चौरस मीटर होते. दडविणाऱ्याचे पाच आणि शोधणाऱ्याचे पाच असे मिळून ती दहा मीटर झाली तर क्षेत्र ३१४ चौरस मीटर, म्हणजे चौपट. चूक दुप्पट झाली की नुकसान चौपट होते. खेळात अक्षांश मिनिटाच्या हजारांश भागापर्यंत लिहितात. तो हजारांश भाग म्हणजे जमिनीवर १.८५ मीटर. ज्याचे यंत्र दहा मीटर चुकते आहे तो इतक्या बारकाव्याने अंक लिहितो तेव्हा त्यातील शेवटचा अंक निव्वळ शोभेचा असतो, आणि वाचणारा मात्र त्यावर विसंबतो.

कायद्याच्या विद्यार्थ्याला येथे एक सुप्रसिद्ध खटला आठवल्यावाचून राहणार नाही. ऑगस्ट १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील पेझली गावी डोनोह्यू नावाच्या बाईने मैत्रिणीने विकत घेऊन दिलेले आल्याचे पेय प्यायले, आणि त्या अपारदर्शक बाटलीतून पुढे कुजलेली गोगलगाय निघाली असे तिचे म्हणणे होते. बाटली तिने विकत घेतलेली नव्हती. कारखानदाराशी तिचा कसलाही करार नव्हता. तरीही १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने ठरविले की ज्यांच्यावर आपल्या कृत्याचा परिणाम होईल हे आपल्याला आधीच दिसावयास हवे, ते आपले शेजारी होत, आणि त्यांची काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे. ह्या निकालातील मर्म आमच्या मते बाटलीच्या अपारदर्शकतेत आहे. पिणाऱ्याला आत पाहता येत नव्हते. ठेव्याच्या अंकांचे तसेच आहे. ते कसे घेतले, एकदा घेतले की दहादा, झाडाखाली घेतले की उघड्यावर, हे शोधणाऱ्याला दिसत नाही. ज्याला तपासता येत नाही त्याच्या वतीने तपासण्याचे कर्तव्य, ज्याला तपासता येते त्याच्यावर पडते. म्हणून आमचे म्हणणे असे की शोधावयाचे असेल तर खिशातील फोन खुशाल काढावा. दडवावयाचे असेल तर आपल्याला मिळेल त्यातील उत्तम यंत्र मिळवावे, निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या वेळी जावे, दर वेळी थोडा वेळ थांबून अनेक अंक घ्यावे आणि त्यांची सरासरी काढावी. दोन वारंवारितांचा चांगला फोन असेल तर तोही चालेल. आमचा कटाक्ष यंत्राच्या जातीवर नाही. 'मला चालते' म्हणून दुसऱ्याच्या माथी मारण्याच्या वृत्तीवर आहे.

हा विचार आपल्याकडे आणून पाहिला तर त्यातील गांभीर्य अधिक ध्यानात येईल. समजा, कोणी हौशी गृहस्थाने एखाद्या देवळाच्या आवारात, जांभ्या दगडाच्या जुन्या गडग्यात एक लहानशी डबी दडविली आणि दहा मीटरांनी चुकलेले अंक जाहीर केले. येणारा शोधक त्या गडग्याच्या प्रत्येक सांध्यात बोटे घालील, सैल चिरे हलवील, कदाचित तुळशीवृंदावनाच्या मागेही हात घालील. त्याच्या मनात पाप नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे निर्दोष खेळ खेळतो आहे. पण आवारातल्या पुजाऱ्याला आणि महाजनांना तो काय दिसेल? संध्याकाळी भिंती चाचपणाऱ्या अनोळखी माणसाला 'आपण उपग्रहाच्या आधाराने डबी शोधीत आहा काय?' असे कोणी विचारीत नाही. जागेच्या मालकाची अनुमती घ्या हा नियम म्हणूनच आहे, आणि अंक अचूक द्या हा नियमही त्याच कारणासाठी आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधील वेदरबी गावात जुलै २०११ मध्ये एका उपाहारगृहाबाहेर कोणीतरी डबा दडविताना दिसला. संशय येऊन रस्ता बंद करण्यात आला, सैन्याचे बॉम्बनाशक पथक आले आणि त्यांनी तो निरुपद्रवी ठेवा स्फोट करून उडविला. त्या सकाळी ज्यांची दुकाने बंद राहिली त्यांनी ह्या खेळाचे नावही कदाचित ऐकले नसेल.

मग शोधणाऱ्याने फोन वापरण्याची किंमत मुळीच नाही काय? आहे, पण ती तो स्वतः देतो, आणि बहुधा न कळत देतो. साधे जीपीएस यंत्र केवळ ऐकते. वीस हजार किलोमीटरांवरचा उपग्रह आपल्याला वेळ सांगतो, पण आपण आहोत हे त्याला ठाऊक नसते. ध्रुवाकडे पाहून होडी हाकणाऱ्या तांडेलाची ध्रुवाला खबर नसते तसे. फोन ऐकतो आणि बोलतोही. तो टॉवरशी बोलतो, नकाशा पुरविणाऱ्या कंपनीशी बोलतो, खेळाच्या कंपनीशी बोलतो. दडलेला डबा आपण शोधीत असतो तेव्हा आपण कोठे आहोत ह्याची नोंद दुसरीकडे होत असते. ह्या नोंदीचे सामर्थ्य किती असते ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जून २०१८ रोजी दिलेल्या कार्पेंटर खटल्याच्या निकालात वाचावे. दरोड्याच्या त्या खटल्यात पोलिसांनी फोन कंपन्यांकडून आरोपीच्या १२७ दिवसांतील १२,८९८ ठिकाणांच्या नोंदी मिळविल्या होत्या, म्हणजे दिवसाला सुमारे शंभर. त्या टॉवरांच्या नोंदी होत्या, उपग्रहांच्या नव्हेत. तरीही न्यायालयाने म्हटले की अशा नोंदी घेण्यापूर्वी सामान्यतः वॉरंट पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे चाललेल्या पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला, हे वाचकांस ठाऊकच आहे.

ऐकणे आणि बोलणे ह्यांतील हा भेद आपल्या कायद्यालाही चांगला कळतो. उपग्रहाशी संदेशांची देवाणघेवाण करणारे यंत्र परवान्यावाचून भारतात बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका परदेशी प्रवासिनीस अशा यंत्रावरून ताब्यात घेण्यात आले, तेव्हा आपल्याकडील पुष्कळांनी ह्या कायद्याचे नाव प्रथमच ऐकले असावे. गिर्यारोहकाच्या कमरेला लटकणारी दोन यंत्रे दिसावयास जुळी असतील. पण एक मुके आहे आणि दुसरे बोलके, आणि कायदा बोलक्याला जाब विचारतो. स्मार्टफोनही बोलका असूनही त्याला आपण जाब विचारीत नाही, कारण तो आपलाच आहे अशी आपली समजूत आहे. ज्याला ही किंमत परवडते त्याने ती द्यावी. प्रौढ माणसाने स्वतःच्या हक्काची सवलत देणे हा त्याचा अधिकार आहे. फक्त बरोबर घेतलेल्या भाचरांच्या वतीने ती आपण देतो आहोत, एवढे त्याने ध्यानात ठेवावे.

आता वहीकडे वळू, कारण आमच्या मते ह्या खेळाचे धर्मासन ती ओलसर, कडा दुमडलेली वही आहे. ठेवा सापडला हे दोन ठिकाणी नोंदवावयाचे असते : डब्यातील वहीत हाताने आणि नंतर खेळाच्या जाहीर नोंदीत. पूर्वी ही दुसरी नोंद माणूस घरी येऊन, पाय धुऊन, शांतपणे लिहीत असे. वाट कशी होती, काय दिसले, कोठे फसलो, असे चार परिच्छेद असत. फोन आल्यापासून ती जागेवरच अंगठ्याने टाइप होते, आणि 'ठेव्याबद्दल आभार' ह्या अर्थाची इंग्रजी चार आद्याक्षरे, टी-एफ-टी-सी, लिहून माणूस मोकळा होतो. जुन्या खेळाडूंची ही तक्रार आम्हांस सर्वांत रास्त वाटते. दडविणाऱ्याला ह्या उद्योगात दमडीही मिळत नाही. डबा त्याचा, श्रम त्याचे, पावसाळ्यानंतर जाऊन वही बदलणेही त्याचेच. त्याला मिळणारा मोबदला म्हणजे दुसऱ्या माणसाने लिहिलेले चार शब्द. ते चार अक्षरांवर आणणे म्हणजे यजमानाच्या घरी पोटभर जेवून, हात पुसत, मागे न पाहता निघून जाणे होय. ह्यात दोष फोनचा की माणसाचा, असे कोणी विचारील. दोष माणसाचाच, पण ज्या साधनाने आळस सोपा होतो त्या साधनाशी अधिक सावधपणे वागावे लागते.

आळसापेक्षा वाईट म्हणजे खोटी नोंद. डबा सापडला नाही, किंवा जागेवर गेलोच नाही, तरी 'सापडला' हे बटण दाबता येते. बक्षीस नसलेल्या खेळात खोटे कोण बोलेल असे वाटते. पण सापडलेल्या ठेव्यांची संख्या नावापुढे दिसते, आणि माणसाला संख्येचा मोह किती असतो हे आम्ही वकिलांनी इतरांस सांगण्याची गरज नाही. अशा खोट्या नोंदीने कोणाचे काय जाते? डबा कधीच वाहून गेला आहे. पण परवाच कोणाला तरी तो 'सापडला' म्हणून दडविणारा निश्चिंत राहतो, आणि ती नोंद वाचून कोणी मुलांना घेऊन पन्नास मैल गाडी चालवीत येतो. मनूने सांगितलेल्या अठरा विवादपदांत ऋणादानाच्या खालोखाल निक्षेपाचा, म्हणजे विश्वासाने सोपविलेल्या ठेवीचा, क्रम लागतो. स्मृतिकारांच्या निक्षेपात ठेवणारा आणि सांभाळणारा एकमेकांना ओळखतात, निदान एकमेकांची तोंडे पाहतात. ह्या खेळातील ठेव तोंड न पाहिलेल्या कोणाच्याही हाती सोपविलेली असते, आणि तरीही वर्षानुवर्षे ती जागेवर सापडते. जगातील लाखो डबे चोरीस न जाता टिकून आहेत, ह्या साध्या गोष्टीने आमचे मनुष्यजातीविषयीचे मत, जे पेशामुळे फारसे चांगले राहिले नव्हते, थोडे सुधारले.

आमच्या भाच्याने गेल्या वर्षी स्वतः एक ठेवा दडविला. जागेची अनुमती लेखी घेतली, कचेरीतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याचे पिवळे यंत्र मागून आणले आणि तीन निरनिराळ्या रविवारी जाऊन अंक घेतले. ते पाहून आम्हांस समाधान वाटले. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. "मामा, एकाने सापडल्याची नोंद केलीय, पण वहीत नाव नाही. नियमाप्रमाणे मी त्याची नोंद खोडू शकतो. खोडू का?" आम्ही म्हटले, "आधी त्याला विचार. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढा तरी कायदा पाळ." भाच्याने पत्र धाडले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले आणि सोबत फोनवर काढलेले एक छायाचित्र होते : उघडा डबा, त्यात भाच्याने ठेवलेला लाकडी भोवरा, ओली वही आणि टोक मोडलेली पेन्सिल. त्याच्या खिशात त्या दिवशी लिहावयास दुसरे काही नव्हते. भाच्याने नोंद तशीच राहू दिली, आणि पुढच्या रविवारी जाऊन डब्यात नवी वही व दोन पेन्सिली ठेवून आला.